ग्रेनाडात तुमची मुलगी नोकरदार असेल की गिऱ्हाईक?

प्रश्न : गुहागरजवळ आमची सुपारीची बाग आहे, त्यात जायफळ लावलंय. मुलगी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पास झाली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नाहीत. एजंट म्हणतो, डॉक्टरी शिकायला ग्रेनाडाला पाठवा, देश प्रगत आहे, पगार डॉलरमध्ये, शिकून तिथेच नोकरी लागेल. बागेचा तुकडा विकावा का?

उत्तर : नमस्कार. तुकडा विकण्याचं नंतर बघू. आधी ‘तिथेच नोकरी लागेल’ हे तपासू, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

ग्रेनाडा हा कॅरिबियन समुद्रातला 344 चौरस किलोमीटरचा बेटांचा देश. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे साधारण तुमच्या गुहागर तालुक्याएवढी. तालुक्यात दरवर्षी किती नव्या डॉक्टरांना पगारी नोकरी मिळेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगाल. ‘डॉलर’ म्हणजे पूर्व कॅरिबियन डॉलर. असे 2.70 दिले की एक अमेरिकी डॉलर येतो. हा दर 1976 पासून बांधलेला आहे.

मग हा देश जगतो कशावर? पूर्वी जायफळावर. झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे. इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा म्हणून त्याचं नाव होतं. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळ आलं. दहातल्या नऊ घरांना फटका बसला, बहुतेक जायफळं उन्मळून पडली, आणि नुकसान देशाच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढं निघालं. ‘निसर्ग’ वादळानंतर दापोली-मंडणगडच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. नवं रोप फळायला किती वर्षं लागतात, आणि एवढं थांबून निम्मी झाडं नर निघाली तर काय होतं, हे बागायतदाराला मी काय सांगणार! जायफळाला जुने दिवस काही परत आले नाहीत.

आज पैसा येतो तो पर्यटनातून, गुंतवणुकीच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या नागरिकत्वातून आणि वैद्यकीय शिक्षणातून. तिथलं मोठं खासगी वैद्यकीय विद्यापीठ 1976 मध्ये स्थापन झालं, मुख्यतः अमेरिकी मुलांसाठी. 1983 मध्ये अमेरिकेने बेटावर सैन्य उतरवलं, तेव्हा याच विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचं कारण पुढे केलं होतं. या मुलांच्या फीवर, घरभाड्यावर, खानावळींवर गावं चालतात. 2020 मध्ये पर्यटक थांबले, विद्यार्थी घरी गेले, आणि अर्थव्यवस्था 13 टक्क्यांहून जास्त आक्रसली.

आता तुमची मुलगी यात कुठे बसते ते बघा. बेटाच्या दृष्टीने ती उद्याची डॉक्टर नाही, आजचं गिऱ्हाईक आहे. पूर्वी ते जायफळ विकत, आता पदवी विकतात. यात फसवणूक काही नाही, तो त्यांचा रीतसर धंदा आहे. फक्त शिकलेल्यांनी बाहेर जावं अशीच त्याची रचना आहे.

देश वाईट नाही, हेही सांगतो. जागतिक बँक त्याला उच्च-मध्यम उत्पन्न गटात धरते. कर्जात बुडाल्यावर त्यांनी सावकारांकडून एक अट मान्य करून घेतली, की मोठं वादळ आलं तर हप्ते पुढे ढकलायचे. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळाने याच देशातलं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं, तेव्हा त्यांनी ती अट वापरली. आपल्या पीककर्जाला अशी अट कुणी घालून देईल का, असं मनात आलं खरं.

परत मुलीकडे. भारतात प्रॅक्टिस करायची तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम लागू होतात. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसाच परवाना. परत आल्यावर इथली परीक्षा आणि इंटर्नशिप वेगळी. बऱ्याच कॅरिबियन कॉलेजांत शेवटची दोन वर्षं अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या रुग्णालयांत काढावी लागतात, आणि ‘त्याच संस्थेत’ या अटीची अडचण नेमकी तिथेच येते.

म्हणून एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्या : शेवटची दोन वर्षं कुठे, इंटर्नशिप कुठल्या संस्थेत, आणि ग्रेनाडाचा परवाना भारतीय मुलीला मिळतो का. सोबत सगळ्या वर्षांच्या फीचा तक्ता मागा, राहण्या-जेवणासकट. तोंडी उत्तरं चालणार नाहीत. कागद हातात आले की मला पाठवा. तोवर बागेसाठी इसार घेऊ नका.