इतिहास, आणि तोही कम्युनिटी कॉलेजात?

"मुलगा हुशार आहे हो ताई, पण इतिहास घेतोय. आणि तोही कम्युनिटी कॉलेजात."

मी समुपदेशक आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणारं सरकारी कॉलेज, तिथून मुलं पुढे विद्यापीठात जातात. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्यातला 'तोही' आधी ऐकू येतो. त्या एका शब्दात दोन काळज्या गुंतलेल्या असतात. पहिली पैशाची आणि नोकरीची, दुसरी लोकांना काय सांगायचं याची. पहिलीचं उत्तर कागदावर मांडता येतं. दुसरीचं कागदावर मिळत नाही, आणि बहुतेक घरं पहिलीवर भांडत दुसरी झाकून ठेवतात. म्हणून मी मार्क आणि फी मागाहून पाहते. घरात काय बोललं जात नाहीये, ते आधी पाहते.

गेल्या वर्षीचं एक कुटुंब सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वडील सॉफ्टवेअरमध्ये, आई घरून अकाउंट्सचं काम करणारी, मुलगा एकोणीस वर्षांचा, इथेच जन्मलेला. कॉम्प्युटर सायन्स सोडून त्याने इतिहास धरला होता. पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. आई शेवटी एवढंच म्हणाली, "सांगलीला फोन आला की मी सांगते, कॉलेज चालू आहे. कुठलं, ते कुणी विचारत नाही तोवर बरं."

मुलगा खाली बघत होता. त्याला मी एकट्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

त्याने बॅगेतून परीक्षेची निळी उत्तरपुस्तिका काढली. मिडटर्म, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, ६८ गुण, डी प्लस, म्हणजे जेमतेम पास. घरी दाखवली नव्हती. प्रश्न होता: अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्रचना का फसली? त्याने गुलामी संपवणारी १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती, नागरिकत्वाची १८६८ची चौदावी, मतदानाच्या हक्काची १८७०ची पंधरावी आणि १८७७मध्ये दक्षिणेतून सैन्य मागे घेणं, सगळं बिनचूक लिहिलं होतं. समासात लाल शाईने तीन ठिकाणी एकच शेरा: "मग काय?"

"सगळं बरोबर आहे, तरी डी," तो म्हणाला. "म्हणजे बाबांचंच खरं. मला हेही जमत नाही."

"प्रश्न पुन्हा वाच. त्यातला कोणता शब्द तू सोडून दिलास?"

बराच वेळ गेला. "का."

आपल्या घरांत वाढलेल्या मुलांचं इतिहासात हमखास इथेच अडतं. सनावळी पाठ करणं म्हणजे इतिहास, हे त्यांनी कळत-नकळत घरातूनच घेतलेलं असतं. कॉलेजचा प्राध्यापक युक्तिवादाला गुण देतो, सनावळी त्याला पुराव्यापुरती हवी असते. उत्तराच्या पहिल्याच वाक्यात बाजू घ्यायची: सैन्य मागे घेणं हा शेवट होता, फसण्याचं मूळ मुक्त झालेल्या लोकांना जमीन न मिळण्यात होतं. मग प्रत्येक परिच्छेदात एक कारण, त्याला एक पुरावा, आणि तो पुरावा पहिल्या वाक्याशी कसा जुळतो याची एक ओळ. 'मग काय?'चं उत्तर त्या शेवटच्या ओळीत असतं. मूळ कागद हातात आला की पाच प्रश्न: कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, कशासाठी, आणि यात काय लिहिलेलं नाही? पाचवा प्रश्न मुलं विसरतात.

वेळेचा हिशोबही चुकला होता. कोर्सचं वजन युनिटमध्ये मोजतात. तीन युनिटच्या कोर्सला आठवड्याला तीन तास वर्ग आणि सहा तास घरचा अभ्यास धरायचा. त्याने एकाच सत्रात वाचनाचे तीन कोर्स घेतले होते, म्हणजे नुसत्या वाचन-लेखनाचे अठरा तास. शिवाय वीस तासांची नोकरी. यात हुशारी कमी पडत नाही, आठवडा कमी पडतो. एका सत्रात वाचनाचे दोन कोर्स, बाकी गणित किंवा विज्ञान, असं आम्ही पुढचं आखलं. प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे त्याला भेटायच्या ठरलेल्या वेळी, रिकाम्या हाताने जायचं नाही, पहिलं वाक्य लिहून न्यायचं, हेही ठरलं. पुढच्या निबंधाला बी प्लस आला. डी प्लसची पुस्तिका त्याने त्याच दिवशी घरी दाखवली, दोन्ही एकत्र. तसं कर, असं मी सुचवलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीला तिघं आले. वडील थेट मुद्द्यावर आले: "बारा वर्षं मी ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. मला पोटापाण्याचं कळतं. इतिहासाने काय होतं, तेवढं सांग."

मुलगा म्हणाला, "बाबा, ती रांग का आहे, माहीत आहे तुम्हाला?"

मी वही मिटली. अशा वेळी समुपदेशकाने मधे बोलू नये. ही एक शिस्त मी मेहनतीने कमावली आहे.

त्याने १९२३पासून सुरुवात केली. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. १९४६मध्ये दार किलकिलं झालं, भारताला वर्षाला शंभर जागा. १९६५च्या कायद्याने देशोदेशीचे भेदभावाचे कोटे काढले आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला सारखीच मर्यादा घातली, वर्षाला २०,०००. मग १९९०चा कायदा: नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला किमान १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांपर्यंत.

"म्हणजे साधारण ९,८००," वडील लगेच म्हणाले.

"हो. दुसऱ्यांच्या उरल्या तर थोड्या जास्त. आणि त्यात बायको-मुलंही मोजतात. आइसलंडला तेवढ्याच, भारताला तेवढ्याच. बाबा, भेदभाव नको म्हणून सगळ्यांना सारखं केलं, आणि त्या सारखेपणातून तुमची रांग तयार झाली."

वडील गप्प झाले. मग हळू आवाजात, "मला वाटायचं, माझ्याच वकिलाने काहीतरी उशीर केला."

बारा वर्षं हा माणूस त्या रांगेचा दोष स्वतःच्या निवडींना देत होता, आणि मुलाच्या निवडीला इतका घाबरत होता तो त्यामुळेच. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या कामात मला एक दिसलंय: माणसाला स्वतःच्या त्रासाचं कारण नीट कळलं की तो दुसऱ्यावरची पकड सैल करतो. इतिहास नेमकं हेच कारण शोधायला शिकवतो, आणि त्या दिवशी ते काम माझ्याआधी मुलाने केलं.

त्यानंतर कागदावरचा हिशोब सोपा गेला. ज्यांच्या घरी आज हाच वाद आहे, त्यांच्यासाठी तो इथे देते.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे. पंधरा युनिटचं सत्र ६९० डॉलर, साठ युनिट २,७६०. उत्पन्न कमी असेल तर ही फी माफही होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसी) एका वर्षाची फीच सुमारे १५,००० डॉलर. ट्रान्सफरसाठीची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, इतिहासाची दोन वर्षांची असोसिएट पदवी साठ युनिटची, त्यात मुख्य विषयाचे निदान अठरा: अमेरिकेच्या इतिहासाचे दोन्ही भाग, जागतिक किंवा पाश्चात्त्य इतिहासाचे दोन्ही भाग, आणि आणखी दोन कोर्स, त्यातला एक पाश्चात्त्येतर किंवा दुर्लक्षित समाजांकडे पाहणारा. मुलं दोन भागांपैकी एकच करतात आणि दुसरा शेवटच्या सत्रात मिळत नाही. या पदवीने कॅल स्टेटमध्ये, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठात, जागा नक्की मिळते, पण हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही.

यूसीच्या सहा कॅम्पसांना प्रवेशाची हमी देणारा 'टॅग' अर्ज आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सिड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. अर्ज एकाच कॅम्पसला, फक्त १ ते ३० सप्टेंबरमध्ये. मुख्य अर्ज त्यानंतर भरायचा असतो म्हणून मुलं निवांत राहतात आणि टॅग हुकतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला टॅग नाहीच. कोणता कोर्स कुठे धरला जातो ते 'असिस्ट' या संकेतस्थळावर नोंदणीच्या आधी पाहायचं. काही इतिहास विभागांना परभाषाही लागते, ती दुसऱ्या वर्षावर ढकलू नये.

नोकरीचं म्हणाल तर, शाळेत शिकवायला पदवीनंतर शिक्षकाचं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, हवं. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला इतिहासातली मास्टर्स पुरते, पीएच.डी. लागत नाही. लॉ स्कूलला कुठल्याही विषयाची पदवी चालते. मात्र पदवी हातात आल्यावर नोकरी चालून येईल, असं मी कुठल्याच पालकांना सांगत नाही. दुसऱ्या वर्षापासून अर्काइव्ह, संग्रहालय किंवा वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी सुरू करावी लागते.

शेवटच्या भेटीला वडील प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद घेऊन आले. त्यांच्या आय-१४०च्या, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जाच्या, मंजुरीचा, रांगेतला नंबर ठरवणारी तारीख असलेला. मुलापुढे सरकवत म्हणाले, "तुझ्या टर्म पेपरला चालेल का रे?"

मुलाने तो उजेडात धरला. वाचून झाल्यावर विचारलं, "बाबा, यात काय लिहिलेलं नाहीये?"

वडिलांनी खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली.