दही, कॅप्सूल आणि सकाळची एसटी

प्रश्न : वय ३६, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी पोटात मुरडा येतो, घरातून निघेपर्यंत तीन-चारदा जावं लागतं. जाऊन आलं की कळ थांबते. एसटीत बसायचीच धास्ती घेतलीय. कोलोनोस्कोपीपर्यंत सगळं नॉर्मल, डॉक्टर आयबीएस (आतड्याचा चिडखोरपणा) म्हणतात. मेडिकलवाल्यानं दिलेल्या प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंच्या) कॅप्सूल घेऊन तीन महिने होत आले. गॅस उलट वाढलाय. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा दही खा. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : कॅप्सूल बंद करा. ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांचा २०२१चा सल्ला आहे की १२ आठवडे घेऊन पाहा, गुण नाही तर थांबा. अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये याहून कडक सांगितलं : आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनापुरतीच द्यावीत.

कारण ‘प्रोबायोटिक’ हे एक औषध नव्हेच. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम २९९व्ही या जिवाणूनं भारतातल्या २१४ रुग्णांच्या चाचणीत चार आठवड्यांत पोटदुखी आणि फुगारा कमी केला. त्याच जातीचा दुसरा वाण तेच करील याची हमी नाही. आणि पाकिटावरच्या कोटींच्या आकड्याला भुलू नका. २००६च्या एका ब्रिटिश चाचणीत बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूचा दहा कोटींचा डोस लागू पडला, हजार कोटींचा नाही! त्या हजार कोटींच्या कॅप्सूलमधल्या पावडरीचा चिकट गोळा होत होता, ती नीट विरघळतच नव्हती.

तुमच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड’ आहे का पाहा. आपल्याकडे बऱ्याच कॅप्सूलमध्ये ते जिवाणूंचं खाद्य म्हणून घालतात. आयबीएसवाल्यांना त्यानं गॅस होतो. कांदा-लसणातही त्याच कुळातली साखर असते, तेव्हा सकाळचे कांदेपोहे महिनाभर बिनकांद्याचे करून बघा.

सासूबाईंचं दही जरूर खा, पण औषध म्हणून नको. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, हे कुणालाच ठाऊक नसतं. दूध सोसत नसेल तर दही-ताक बरं, इतकंच.

इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू करून हळूहळू वाढवा, पाणी भरपूर. एकदम दोन चमचे घेतलेत तर पुन्हा मलाच पत्र लिहाल. शाळेच्या दिवसांसाठी लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. मात्र शौचातून रक्त गेलं, वजन उतरलं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर ‘रिपोर्ट नॉर्मल होते’ म्हणून घरी बसू नका, परत तपासून घ्या.