मला पेटी वाजवता येते, ६१ कीजचा कीबोर्ड आहे, पण हिंगोलीत पियानो शिकवणारं कोणी सापडत नाही. बाख या जर्मन संगीतकाराचा सी मेजर प्रील्यूड (छोटी वाद्यरचना) घरी शिकता येईल का? बोटं बसलीत, पण मशीन वाजल्यासारखं वाटतं.

येईल. मीही परभणीत भजनी मंडळात पेटी वाजवतच मोठा झालो आणि पियानोची सुरुवात याच प्रील्यूडने केली, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

कीबोर्डची चिंता सोडा. हा प्रील्यूड सगळ्यात खाली ज्या सी वर (पेटीची पांढरी एक) उतरतो, तीच ६१ कीजच्या नेहमीच्या कीबोर्डची पहिली की असते. वरचे स्वरही आरामात मावतात. टच सेन्सिटिव्ह, म्हणजे दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारा, नसेल तरी सुरुवात अडत नाही. हा प्रील्यूड ज्यात आहे तो ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या संग्रहाचा पहिला खंड बाखने १७२२ मध्ये पूर्ण केला, त्या काळच्या हार्पसिकॉर्डवरही (पियानोआधीचं कीबोर्ड वाद्य) की जोरात दाबून आवाज वाढत नसे. स्वर लांबवणारं सस्टेन पेडल तर नव्हतंच, तेव्हा तुम्हीही सध्या पेडलला पाय लावू नका.

आता मशीनसारखं वाटण्याबद्दल. पेटीवर आपला कान चालीमागे जातो. इथे चाल शोधून सापडत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक बार (नोटेशनमधला चार मात्रांचा एक कप्पा) म्हणजे एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आहे, सुटे सुटे स्वर करून दोनदा वाजवलेली. म्हणून काही दिवस सुटे स्वर वाजवणं बंद करा आणि प्रत्येक बारचे पाचही स्वर एकदम दाबा. पांढरी एकला सा धरलात तर पहिला बार सा ग प सा ग. दुसऱ्यात खालचा सा तसाच राहतो आणि वरचे सरकतात: सा रे ध रे म. तिसऱ्यात वरचे रे आणि म जागेवरच आहेत, पण खालचा सा नी वर उतरतो: नी रे प रे म. चौथ्यात परत पहिली कॉर्ड. दर बारला स्वतःला विचारा, कोण हललं, कोण थांबलं? हे ऐकू यायला लागलं की सुटे स्वर वाजवतानाही हात आपोआप वेगळा पडतो.

लाइट गेली की मी हेच पेटीवर करायचो, घरातल्या कोणाला तरी भाता मारायला बसवून, कारण कॉर्डला दोन्ही हात लागतात. खालचे स्वर पेटीत मावले नाहीत तर एक सप्तक वर घ्या. पियानोचा स्वर विरत जातो, पेटीचा हवा आहे तोवर टिकतो, त्यामुळे खटकणारी कॉर्ड पुरती खटकते. आठव्या बारला तळाशी नी आणि सा एकमेकांना चिकटून येतात, तो जरूर असा ऐका.

सगळ्यात महत्त्वाची जागा बाविसाव्या बारपासून पुढची. तळाचा स्वर आधी काळी तीन, मग काळी चार. मधली पांढरी पाच ओलांडून तो पुढे जातो आणि चोविसाव्या बारला मागे येऊन तिच्यावरच टेकतो. तेविसाव्या बारात खाली कोमल ध आणि वर नी, सा, रे लागोपाठ, असा ताण इतर कुठे नाही. ही उडी श्वेंके नावाच्या संगीतकाराला इतकी खटकली असावी की त्याने मध्ये एक बार घातला. गुनो या फ्रेंच संगीतकाराने १८५३ मध्ये या प्रील्यूडवर आपली प्रसिद्ध चाल बांधली, तीही तो जादा बार धरूनच. माझ्या मते त्या बारने सगळा जीव काढून घेतला. तुम्ही नोटेशन आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवरून फुकट उतरवाल, तेव्हा आधी बार मोजा. ३५ हवेत. ३६ भरले तर दुसरी प्रत शोधा. लयीच्या आणि लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा छापलेल्या दिसल्या तर त्या बाखच्या नाहीत, संपादकाच्या आहेत.

चोविसाव्या बारपासून आठ बार तळाला पंचम हलत नाही. आपल्याला तानपुऱ्याची सवय, त्यामुळे हा भाग लवकर उमगेल. घाई मात्र करू नका. वरच्या कॉर्ड बदलत राहतात आणि प्रत्येक वेळी त्याच पंचमाशी त्यांचं नातं वेगळं लागतं.

डावा हात रोज थोडा वेळ एकटा वाजवा. त्याने आयुष्यभर भाता मारलाय, की दाबणं त्याला नवीन आहे. त्याच्या वाट्याला दोनच स्वर येतात, पण ते अर्धा बार संपेपर्यंत दाबून धरायचे आहेत. नोटेशनमध्ये तसंच लिहिलंय आणि बहुतेक जण नेमके हेच सोडून देतात. की लवकर सुटली की कॉर्डचा पायाच जातो.

लय मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोके ठेवा, त्याहून कमी चालेल. ३३ आणि ३४ हे बार मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे काढून बसवा. तिथे इतका वेळ चाललेला साचा मोडतो, उजवा हात वर-खाली लांब फिरतो आणि सवयीने पुढे गेलेली बोटं अडखळतात. शेवटच्या चार बारांत तळाला सा आहे, तो नीट धरून ठेवा.