एप्रिलमधला एनएचएल सामना बघायचा तर

आधी गुणतक्ता उघडा. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, आणि एप्रिलमध्ये तिची साखळी फेरी संपत येते. प्रत्येक कॉन्फरन्समधून (लीगच्या दोन मोठ्या गटांपैकी एक) ८ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात: तिच्या दोन्ही डिव्हिजनचे (उपगटांचे) पहिले ३ आणि उरलेल्यांतले २ वाइल्ड कार्डवर. काठावरचे दोन संघ भिडतात तेव्हा नुसते गुण बघून फसायला होतं. कोणाचे किती सामने बाकी आहेत तेही बघा. सामने आणि गुण सारखे असतील तर ६० मिनिटांत मिळवलेले विजय आधी मोजतात.

जिंकल्यावर २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (पेनल्टी फटक्यांच्या लढतीत) हरल्यावर १. त्यामुळे तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्रात बरोबरी असली की दोघेही तो १ गुण जपत खेळतात आणि खेळ मंदावतो. पण समोरचा तुमचा थेट प्रतिस्पर्धी असेल तर त्यालाही गुण मिळतो, म्हणून मला हा सावधपणा चुकीचा वाटतो.

शेवटची तीन मिनिटं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. मागे पडलेला संघ गोलीला (गोलरक्षकाला) बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवतो. पुढे असलेल्या संघाला मोकळी जाळी खुणावते. त्याने मधल्या लाल रेषेच्या मागूनच पक (रबरी चकती) मारला आणि तो जाळीशेजारून गेला, तर आइसिंग. मग फेसऑफ (दोघांत पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) त्याच्याच गोलपाशी होतो आणि त्याला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच जण, समोर ताजे सहा! बरोबरीचे गोल इथेच होतात. गोलीकडे नको, फेसऑफ घेणाऱ्याच्या काठीकडे बघा.

भारतात हे सामने बहुधा पहाटे साडेचारला सुरू होतात. गजर लावून ठेवा.