थंडी परवडली, शिनूक नको

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कॅनडातल्या कॅल्गरीच्या हिवाळ्याबद्दल आली आहेत. या गावात मी अकरा वर्षं शाळेची बस चालवली, पहाटे पाचला अंधारात. तेव्हा वैताग माझ्याकडेही पोत्यानं आहे.

लेक सप्टेंबरात कॅल्गरीला शिकायला गेली. परवा म्हणाली, "आई, सोमवारी उणे 24 होतं, आज अधिक 9 आहे, मी नुसत्या स्वेटरवर हिंडतेय." थापा तर मारत नसेल ना? – एक आई, नाशिक

नाही हो ताई, शिनूक सुटलाय. पॅसिफिककडून आलेलं ओलं वारं रॉकी पर्वताच्या पलीकडे सगळं पाणी टाकतं आणि अलीकडे उतरताना तापत येतं, दर किलोमीटर उतरणीला जवळजवळ 10 अंशांनी. कोकणात धो धो आणि माणदेश कोरडा, त्यातलाच प्रकार, फक्त इथला डोंगर फार मोठा. पश्चिमेला ढगांची लांबच लांब कमान दिसली की ओळखायचं. 1988 च्या इथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही या वाऱ्यानं नि उबेनं आयोजकांच्या नाकी नऊ आणले होते.

नवीन माणसं शिनूकवर खूश असतात. मी नाही. एक तर कमान दिसायच्या आधी माझं डोकं ठणकायला लागतं (असे डोकेदुखीवाले इथे पुष्कळ आहेत). दुसरं म्हणजे दुपारी वितळलेलं पाणी रात्री परत गोठतं आणि फुटपाथची काच होते. उणे 25 मध्ये मी कधी पडले नाही. पडले ती अधिक 6 च्या दुसऱ्या सकाळी, माझ्याच दारात. पन्हळीचं पाणी वाटेवर सोडलं होतं, दोष माझाच. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. लेकीला सांगा, स्वेटरवर खुशाल हिंड, पण जाकीट पिशवीत ठेव आणि बुटांवर पैसे वाचवू नकोस.

बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतो. मालक महिनाभर मेक्सिकोत. शेजारच्या आजोबांनी दाराला चिठ्ठी लावली, 'फुटपाथ साफ करा.' फुटपाथ महापालिकेचा नाही का? – नवखा, कॅल्गरी

पुण्याहून आलास का रे? फुटपाथ महापालिकेचा, फावडं तुझं. बर्फ थांबल्यापासून 24 तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ खालचं काँक्रीट दिसेपर्यंत साफ हवा. नाही केलास तर पालिका माणसं लावून करून घेऊ शकते आणि बिल मालकाला जातं. मग मालक मेक्सिकोहून तुला फोन करेल. भाडेकरारात हे काम कुणाकडे आहे ते आजच बघ.

आजोबांवर चिडू नकोस. त्यांना त्याच फुटपाथवरून चालायचं असतं. आणि एक गुपित सांगते: इथला ताजा बर्फ कोरडा, पिठासारखा असतो. लगेच बाहेर पडलास तर लांब दांड्याच्या झाडूनं जातो, फावडं लागतच नाही. एकदा त्यावर पाय पडले की दगड. मी चहा ठेवायच्या आधी झाडते. लगे हात आजोबांची बाजूही झाड, पुढची चिठ्ठी येणार नाही.

गाडीची पुढची काच दोन वर्षांत तिसऱ्यांदा तडकली. माझंच नशीब असं का? – वैतागलेली

नशीब नाही गं, लोणचं. कडाक्याच्या थंडीत मिठाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून इथे रस्त्यावर बारीक खडी टाकतात, थोडं मीठ लावून. त्या मिश्रणाला इथे 'पिकल'च म्हणतात. शिनूक येतो, बर्फ जातो, खडी राहते, आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालून ती तुझ्या काचेवर येते. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नकोस. टिचका वाटाण्याएवढा असतानाच भरून घे. आणि गोठलेल्या काचेवर एकदम गरम हवेचा झोत सोडू नकोस, टिचक्याची रेघ डोळ्यांदेखत पसरते. माझी पसरली आहे.

नातवाकडे आले आहे. नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. – आजी, मुक्काम कॅल्गरी

आजी, हवा फार कोरडी आहे, बाकी काही नाही. नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवा, खोलीत वाफेचं यंत्र लावायला सांगा. मुठीला आधी हातातली किल्ली टेकवा, झटका किल्लीला बसेल. रक्त थांबत नसेल तर मात्र डॉक्टर.

उणे 35 मध्ये वीज गेली तर? मुलगा एकटा राहतो तिथे. – ठाण्याचे बाबा

इथली घरं तापतात गॅसवर, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेचा. त्यामुळे वीज गेली की भट्टीही गप्प. मुलाकडे स्लीपिंग बॅग, टॉर्च आणि भरलेली पॉवर बँक असू द्या.

अजून तशी वेळ माझ्यावर आलेली नाही, पण 13 जानेवारी 2024 ला येता येता राहिली. शनिवारची संध्याकाळ, बाहेर उणे 30 च्या खाली, मी संक्रांतीचा गुळाचा पाक ढवळत होते. सगळ्या घरातले फोन एकदम किंचाळले: अल्बर्टात (म्हणजे आमच्या प्रांतात) वीज कमी पडतेय, नको असलेले दिवे आणि उपकरणं बंद करा, गाडीचं इंजिन गरम ठेवणारा हीटरही सध्या लावू नका. मुलानं दिवे घालवले, नवऱ्यानं टीव्ही. खिडकीतून पाहिलं तर गल्लीतल्या ओसरीचे दिवे एकेक विझत होते. काही मिनिटांत मागणी खाली आली आणि वीज टिकली.

मीही शहाण्यासारखी शेगडी बंद केली. पाकाचा दगड झाला. त्या वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिळगूळ हातोडीनं फोडून दिला.