ठाण्यात बसून जॅझ-ब्लूजचा कम्युनिटी रेडिओ ऐकायचाय, आठवड्याचं वेळापत्रक कसं समजून घ्यायचं?

तुम्ही विचारलंय की ॲपवर जॅझ-ब्लूजचं एक अमेरिकन कम्युनिटी स्टेशन सापडलं, पण जेव्हा लावावं तेव्हा वेगळंच काहीतरी चालू असतं, एकदा ब्लूज, एकदा चर्चमधली गाणी, एकदा नुसतीच बडबड, तर याला काही सिस्टीम आहे का आणि सुरुवात कुठून करायची. सिस्टीम आहे, पण ती गाण्यांची नाही, वाराची आणि तासाची आहे. ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

मी राहतो कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत, यूएस शिफ्ट. सहा-सात वर्षं झाली, न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड ऐकतोय. तिकडे एफएमवर ९०.७ ला लागतं, १९८० पासून चालू आहे, आपल्याला अर्थात नेटवरून. पहिले दोन महिने मी पण तुमच्यासारखंच केलं, वाटेल तेव्हा लावायचं, दोन गाणी आवडली नाहीत की बंद. मग एकदा त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक नीट बघितलं तेव्हा ट्यूब पेटली.

तिथे प्रत्येक स्लॉट एकेका माणसाचा असतो. बहुतेक आरजे व्हॉलंटिअर असतात, आपापले कामधंदे सांभाळून आठवड्यातून एकदा येणार, घरून आपल्या रेकॉर्डी घेऊन येणार आणि दोन-तीन तास स्वतःच्या आवडीचं लावणार. त्यामुळे एखाद्या वेळेचं नाव नुसतं ‘ब्लूज’ असं लिहिलेलं असलं तरी सोमवारचा ब्लूज आणि गुरुवारचा ब्लूज यात जमीन-अस्मानाचा फरक. एकाला जुना गिटारवाला एकटा माणूस आवडतो, दुसऱ्याला शिकागोचा इलेक्ट्रिक गिटार आणि माउथ ऑर्गन. म्हणून स्टेशन आवडलं की नाही हे एका दिवसात ठरवू नका, माणूस शोधा. एक माणूस पटला की त्याचा वार धरायचा, बस.

आपल्याला हे काही नवीन नाहीये खरं तर. विविध भारतीवर रात्री दहाला छायागीत, अकराला बेला के फूल, घरात घड्याळ बघायची गरज नसायची. ब्लूजमध्ये याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे अर्कान्सासमधल्या हेलेना गावचा किंग बिस्किट टाइम. १९४१ मध्ये सुरू झाला, पिठाच्या ब्रँडची जाहिरात म्हणून, दुपारी सव्वाबाराला, पंधरा मिनिटं. सव्वाबाराच का, तर शेतातले मजूर तेव्हा जेवायला थांबायचे. सनी बॉय विल्यमसन माउथ ऑर्गन वाजवायचा, मध्ये पिठाची जाहिरात. पुढे १९५१ पासून सनी पेन नावाचा एकच माणूस तो कार्यक्रम करत राहिला, २०१८ मध्ये वारला तोपर्यंत. म्हणजे वेळ आधी ठरली ती ऐकणाऱ्याच्या भाकरीवरून, संगीत त्यात बसवलं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता वेळेची भानगड. न्यू ऑर्लिन्स आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आमच्या शिफ्टची पिकअप पण त्यानुसार तासभर सरकते, त्यामुळे मी हे विसरणं शक्य नाही असं मला वाटायचं. पण रविवारी सुट्टी असते ना. तिकडे रविवारी सकाळी गॉस्पेल लागतं, म्हणजे ती चर्चमधली गाणी, हिवाळ्यात ते आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू होतं, मी चहा घेऊन बसायचो. तर एका मार्चमध्ये असाच साडेपाचला बसलो, लावतो तर काय, आधीच तासभर होऊन गेलेला, गाणाऱ्या बाई रंगात आल्यात, मागचा कोरस टाळ्या वाजवतोय, आणि मी मध्येच घुसल्यासारखा. कीर्तनाला उशिरा पोचलं की कसं मागच्या दारातून गुपचूप जाऊन बसतो तसं झालं. तेव्हापासून मोबाईलमध्ये न्यू ऑर्लिन्सचं घड्याळच लावून ठेवलंय, मनातल्या मनात गणित करायचंच नाही.

वार पण उलटेपालटे होतात हे लक्षात ठेवा. त्यांची शुक्रवार रात्र म्हणजे आपली शनिवार सकाळ. त्यांची सकाळ आपली संध्याकाळ, आणि त्यांच्या दुपारचे कार्यक्रम आपल्या मध्यरात्री, जे शिफ्टवाल्यांशिवाय कोणी ऐकत नसेल. माझी कॅब पाचला निघते, पातलीपाड्यापासून माजिवड्यापर्यंत घोडबंदर रोड कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात तिकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, आरजेचा आवाज अजून झोपेतला. एकदा एका आरजेने रेकॉर्डची चुकीची बाजू लावली, दोन मिनिटं कळलंच नाही त्याला, मग हसला आणि म्हणाला, असू दे आता, हे पण चांगलंच आहे. सुई घासल्याचा आवाज, मागे कपबशी ठेवल्याचा आवाज, सगळं कानात. ॲपच्या प्लेलिस्टमध्ये हे मिळत नाही हो. आणि हो, दर थोड्या वेळाने आज रात्री गावात कुठल्या क्लबमध्ये कोण वाजवणार याची यादी वाचतात, ते ऐकताना जीव जळतो. तिकडे फ्रेंचमेन स्ट्रीटवर ट्रम्पेट आणि इकडे मी मानपाड्याच्या सिग्नलला.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की वेळापत्रकात गाण्यांची नावं का देत नाहीत. त्याचं कारण आळस नाही, अमेरिकेचा कॉपीराइट कायदा आहे. नेटवरून प्रसारण करायचं तर कुठलं गाणं कधी लागणार हे आधी जाहीर करता येत नाही. गाणं वाजून गेल्यावर मात्र नाव सांगतात. होऊन गेलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही त्याच कायद्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोनच आठवडे राहतं, म्हणजे एखादा मंगळवार चुकला तर त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारच्या आत ऐकून टाका, नंतर ऐकू म्हणून ठेवलं की गेलं.

दुसरं एखादं हवं असेल तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीचं डब्ल्यूकेसीआर लावा, पण थोडा पेशन्स ठेवून. तिथे फिल शाप नावाचे गृहस्थ १९८१ पासून जवळजवळ चाळीस वर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी फक्त चार्ली पार्कर या जॅझच्या सॅक्सोफोनवाल्यावर कार्यक्रम करायचे, २०२१ मध्ये गेले. तीन मिनिटांच्या गाण्यावर वीस मिनिटं बोलायचे, कुठल्या तारखेला रेकॉर्ड झालं, ड्रमवर कोण, दुसरा टेक का टाकून दिला. काही लोक वैतागायचे. मला आपल्या क्लासिकलच्या जुन्या श्रोत्यांची आठवण येते, बंदिशीपेक्षा बंदिशीची वंशावळ मोठी. या स्टेशनवर वाढदिवसाची पण पद्धत आहे, २९ ऑगस्टला चार्ली पार्करचा वाढदिवस, त्या दिवशी दिवसभर तोच. सुरुवातीला तुम्ही हे करू नका, डोकं उठेल.

वर्षातून काही दिवस स्टेशनवर गाणी कमी आणि पैसे मागणं जास्त असतं. तुम्ही ऐकलेली ती ‘नुसतीच बडबड’ बहुतेक हीच. मला पहिल्यांदा वाटलं स्टेशन बंद पडतंय. तसं नाही, ती वर्गणी आहे. मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन दारात उभी राहतात तसंच, फक्त हे फोनवर उभे राहतात. अशी स्टेशनं बरीचशी ऐकणाऱ्यांच्या पैशावर चालतात. २००५ च्या कटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचं प्रसारण बंद पडलं तेव्हा न्यू जर्सीच्या एका स्टेशनने आपला सर्व्हर दिला आणि हे लोक नेटवरून परत सुरू झाले. मी एकदा थोडे डॉलर पाठवले होते, बायको म्हणाली सोसायटीचा मेंटेनन्स आधी भर.

एक अजून. घरच्यांना सुरुवातीला झेपत नाही. बाबा म्हणायचे, हे कोण रडतंय सकाळी सकाळी. मग एका शनिवारी मी फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवून उपमा करत होतो (स्पीकरपेक्षा भारी आवाज येतो, करून बघा), जुन्या बँडचं काहीतरी चालू होतं, तर बाबा बाहेरून आत आले आणि म्हणाले, अरे हा तर अलबेलातला बाजा. बरोबरच होतं त्यांचं. १९५१ च्या त्या सिनेमात सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा, पडद्यावर पण बँडसकट दिसतो. गोव्याचा माणूस, न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँग या ट्रम्पेटवाल्याचा भक्त, ताजमध्ये वाजवणारा. म्हणजे आपल्या भगवानदादांच्या नाचामागे न्यू ऑर्लिन्स आधीपासूनच होतं. आता बाबा जुन्या जॅझच्या तासाला येऊन बसतात, ब्लूजला उठून जातात, ठीक आहे.

तर तुम्ही दोनच स्लॉट धरा, जास्त नको. एक आठवड्यातला जातायेता, एक सुट्टीचा. चार आठवडे तोच वार, तीच वेळ, आवडो न आवडो. एप्रिलच्या शेवटी न्यू ऑर्लिन्सला जॅझ फेस्ट असतं, त्याचं थेट प्रसारण रात्री साडेनऊच्या सुमाराला सुरू होतं, ते मात्र चुकवू नका, जेवण झाल्यावर लावलं की थेट मैदानातली गर्दी ऐकू येते. आणि त्यांचं उन्हाळी घड्याळ चालू असेल तेव्हा शनिवारी सकाळी साडेसहाला लावलंत की तिकडे शुक्रवारचे रात्रीचे आठ. पातेलं मोठं घ्या.