ऱ्हाइनबेकच्या लोकरीच्या जत्रेला मैत्रिणींबरोबर तंबूत राहायचं आहे. काय तयारी करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चौघी मैत्रिणी ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकला लोकरीच्या जत्रेला जाणार, दोन रात्री तंबूत काढणार, तर बरोबर काय घ्यावं? खर्च किती येईल? आणि चौघींतल्या दोघींना विणकाम अजिबात येत नाही, त्यांना कंटाळा येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. कंटाळा त्यांना मुळीच येणार नाही. ताप तुम्हाला होईल.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून चौघी गेलो होतो, २०१९ साली. दोघी विणणाऱ्या, दोघी 'सहज, हवापालट म्हणून' आलेल्या. त्या दोघींतली एक अशी की कुठल्याही वादात शब्दाला शब्द मोजून घेते, म्हणून आम्ही तिला वकीलीणबाई म्हणतो. (ती आहे दंतवैद्य.) तंबू तिचा, गाडी तिची, शेगडी तिची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जत्रा दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असते, डचेस काउंटीच्या फेअरग्राउंड्सवर. मुक्कामाला आम्ही दक्षिणेला स्टॅट्सबर्गच्या मिल्स-नॉरी स्टेट पार्कमध्ये होतो, हडसन नदीच्या काठाला. तिथून जत्रा गाडीने पंधरा-वीस मिनिटं, पण शनिवारी सकाळी रूट नाइनवर ती पंधरा मिनिटं तासाभराची होतात. त्या पार्कचं बुकिंग नऊ महिने आधी उघडतं आणि जत्रेचा आठवडा सगळ्या विणणाऱ्या बायकांना पाठ असतो, म्हणजे समजून घ्या. न्यू जर्सीहून सरपण घेऊन जाऊ नका. झाडं पोखरणारे किडे पसरू नयेत म्हणून बाहेरच्या राज्यातलं साधं लाकूड न्यूयॉर्कमध्ये न्यायला बंदी आहे, तिथेच विकत घ्या.

थंडी. तंबूत थंडी वरून येत नाही, खालून येते. तिघींनी वर दोन-दोन पांघरुणं घेतली आणि खाली हवेची गादी, आणि रात्रभर कुडकुडल्या. माझ्याकडे आजीचं घोंगडं होतं. माझं आजोळ आटपाडीकडचं, माणदेशातलं. काळ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, घोंगडी विणणाऱ्या सणगराकडून विणून घेतलेलं, चिंचोक्याची खळ घातलेलं. ते मी खाली अंथरलं आणि वर साधी रजई घेऊन झोपले. मला पहाटे जाग आली ती थंडीने नाही, वकीलीणबाईंच्या दातांच्या आवाजाने. 'ये इकडे' म्हटलं तर म्हणे, 'नको, ते टोचतं.' टोचतं! खाली अंथरायचं घोंगडं टोचतं म्हणून बाई रात्रभर काकडल्या.

या 'टोचतं'वर मला एकदा बोलायचंच आहे. जत्रेत तीनचतुर्थांश दुकानांत मऊपणाचीच पूजा चालते. मेरिनो, मेरिनो आणि मेरिनो (मऊ लोकरीच्या मेंढीची जात). लडी गालाला लावून बघायची, डोळे मिटायचे, तीस डॉलर काढून द्यायचे. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, आपल्या दख्खनीचा त्याच्या दुप्पट तरी जाड. म्हणून मेरिनो अंगाला मऊ लागते तशी दख्खनी लागत नाही, मान्य. पण मेरिनोच्या मोज्याला दुसऱ्या हिवाळ्यात टाचेत भोक पडतं आणि आजीच्या घोंगड्याला अजून कसर नाही. एका दुकानातल्या म्हाताऱ्या कातणारीने त्याचा कोपरा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, 'गालिच्याची लोकर.' अपमान म्हणून नाही, जात सांगावी तशी सांगितली. मला मात्र लागलं. तिकडे धनगराला कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही, कित्येक जण लोकर तशीच टाकून देतात, आणि इथे मेंढीच्या नावानिशी पुडकी बांधून विकतात. असो. हे तुम्ही विचारलं नव्हतं.

तर मूळ गोष्ट.

शनिवारी दुपारी आम्ही कच्च्या लोकरीच्या विक्रीत शिरलो. इथे फ्लीस म्हणतात ते पॉलिस्टरच्या जाकिटाचं कापड नव्हे. एका मेंढीच्या अंगावरून एकसंध उतरवलेली, न धुतलेली लोकर. पारदर्शक पिशव्यांत भरून ठेवलेली असते, वर चिठ्ठी: मेंढीची जात, वजन, भाव. मी एक करडी कॉरिडेल जातीच्या मेंढीची पिशवी उघडली. वरची टोकं उन्हाने तांबूस झालेली, आत राखेसारखा रंग, बोटांना मेणचट लागणारा, आणि प्रत्येक बटेत बारीक नागमोडी. बट काढून कानाजवळ धरायची आणि दोन्ही टोकांनी झटका द्यायचा. टणत्कार आला तर लोकर दमदार, चरचर ऐकू आली तर मेंढी मधे आजारी पडली होती किंवा उपाशी राहिली होती, तंतू तिथे तुटणार. माझ्या बटेने स्वच्छ टण्ण केलं.

पण मी घेतली ती त्यामुळे नाही. वासामुळे घेतली. पिशवीत तोंड घातलं आणि आजोळची पड जमीन आली. उन्हाळ्यात खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे, सकाळी ती उठून गेल्यावर मामा आम्हाला घेऊन जायचा, तेव्हा जमिनीला जो वास असायचा, तोच. लेंड्या, तूप लागलेल्या हातासारखं काहीतरी, आणि वाळलेलं गवत. तीस वर्षांनी, आटपाडीपासून इतक्या दूर, प्लास्टिकच्या पिशवीत. सहा पौंड होती, चौदा डॉलर पौंडाने चौऱ्याऐंशी डॉलर. घासाघीस केली नाही, तिथे करतही नाहीत.

रविवारी गाडीत वकीलीणबाईंनी काचा उघड्या ठेवून गाडी चालवली. माझ्या इमारतीत धुण्याचं यंत्र सामाईक, तिथे मेंढीची घाण कोण चालवून घेणार? म्हणून ठरलं की पिशवी तिच्या तळघरात राहील, तिथे मोठं सिंक आहे, पुढच्या शनिवारी मी येऊन धुईन. निघताना मी तिला सांगितलं. माझे शब्द मला नेमके आठवतात, कारण तेव्हापासून ते रोज माझ्या तोंडावर फेकले जातात. मी म्हटलं, 'वास फारच आला तर अर्धी काढून गरम पाण्यात भिजत टाक, थोडा भांड्यांचा साबण घाल. फक्त हलवू नकोस.'

मंगळवारी तिचा फोन. आवाज अगदी गोड. 'अगं, तुझं काम सोपं करून ठेवलंय. अर्धी मशीनमध्ये लावली, डेलिकेटवर.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाण्यात ते उघडतात, साबणाने तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि घुसळलं की खवल्यात खवला अडकतो. मग ते सोडवणं देवालाही जमत नाही. आपल्याकडे याच युक्तीने जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण करतात, विणायचं नाही, पिंजलेली लोकर भिजवून, दाबून, लाटून. जेन मुद्दाम करतात. माझी झाली. तिच्या टेबलावर तीन पौंड लोकरीच्या ऐवजी एक पायपुसणं होतं, बोटभर जाड, मधे काड्या आणि एक लेंडीसुद्धा कायमची बसलेली. वास गेला होता. लॅव्हेंडरचा येत होता.

मी रडले नाही. बोलले मात्र बरंच.

तिचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: 'तू हलवू नकोस म्हणालीस. मशीनमध्ये घालू नकोस असं म्हणालीसच नाहीस. मी कुठे हलवलं? मशीनने हलवलं.' शिवाय अर्धीच तर गेली. शिवाय लोकरीच्या चिकट मेणाने तिचा पाइप तुंबला, प्लंबरने एकशे ऐंशी डॉलर घेतले, म्हणजे हिशेबाने नुकसान तिचंच जास्त. पुढच्या वर्षी करोनामुळे जत्रा मैदानावर भरलीच नाही, नाहीतर तिथेच चार कातणाऱ्या बायकांची पंचायत बसवून निकाल लावून घेतला असता. या प्रकरणाला आमच्या ग्रुपवर सरळ 'भिजत घोंगडं' असंच म्हणतात. मला त्यातला विनोद कळतो, हसू येत नाही.

म्हणून तुमच्या विणकाम न येणाऱ्या दोघींबद्दल माझं मत: न्या, पण त्यांच्या हातात काही देऊ नका. पिशवी धरायलासुद्धा. आणि त्यांनी मदत केली की आधी विचारा, 'काय केलंस?' न विचारता केलेली मदत ही मदत नसते. हे मी तिला सांगून थकले. तुम्ही तरी ऐका.

उरलेली अर्धी मी स्वतः धुतली. सिंकमध्ये हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी, लोकर जाळीच्या पिशवीत घालून नुसती बुडवायची, वीस मिनिटं, उचलायची, पाणी सोडायचं, परत तेवढंच गरम पाणी. गरमातून एकदम गारात टाकलीत तरी ती आवळते. तीन पाण्यांत पाणी चहाच्या रंगावरून निवळीवर येतं. वजन खूप घटतं, घाबरू नका, ते मेण आणि माती गेलेली असते. दोन हिवाळे टकळीवर कातून एक टोपी आणि मुलाचे हातमोजे झाले. टोपी थोडी टोचते. छान टोचते.

आता राहिलेलं भरभर. जत्रेत आपली कुत्री आणू देत नाहीत, साधी माणसाळलेलीसुद्धा, मेंढ्या असतात म्हणून. हडसनच्या खोऱ्यात गोचिडी आहेत, त्या चावून होणारा लाइमचा आजार तिथे नेहमीचा, ऑक्टोबरातही. रात्री झोपताना गुडघ्यामागे आणि केसांत बघा. बाया आपापला 'ऱ्हाइनबेक स्वेटर' वर्षभर विणून घालून येतात आणि दुपारी ऊन तापलं तरी काढत नाहीत. तुम्ही आत काहीतरी सुती घाला. तळलेल्या आर्टिचोकची (ही एक भाजी) रांग लांब असते पण थांबण्यासारखी, सफरचंदाच्या सायडरचे डोनट सकाळीच घ्या. जेवण आम्ही तंबूवर केलं: थालीपिठाची भाजणी घरून नेली होती, शेजारच्या तंबूतली माणसं वासाने आली आणि दोन खाऊन गेली. शेळ्या बघायच्या तर अंगोरा, ससे बघायचे तर तेही अंगोरा, आणि चार शिंगांची जेकब मेंढी दिसली तर तिथे उभ्या राहा, विणकाम न येणाऱ्यांनाही ती आवडते. वकीलीणबाईंनी तिचे चाळीस फोटो काढले होते, आणि कुत्रे मेंढ्या वळवतात तो खेळ दोनदा बघितला. खरं सांगायचं तर चौघींत सगळ्यात मजा तिलाच आली.

खर्चाचं मी काय सांगू? मुक्काम, पेट्रोल, तिकीट चौघींत वाटलं की फार होत नाही. खरेदीचा आकडा ठरवून जा आणि त्याच्या दुप्पट नवऱ्याला सांगा, म्हणजे परत आल्यावर काटकसर केल्यासारखं दिसतं.

एवढं सगळं लिहिल्यावर हेही सांगायला हवं की ते पायपुसणं मी टाकू दिलं नाही. ते आता तिच्या कुत्र्याच्या टोपलीत आहे, त्याला दुसऱ्या कशावर झोप लागत नाही. ती म्हणते, जत्रेतली सर्वांत चांगली खरेदी तिचीच. मी तिला चौऱ्याऐंशीचे निम्मे, बेचाळीस डॉलर मागितले आहेत, ती प्लंबरची पावती दाखवते.

यंदाही ती येते आहे. तंबू तिचाच आहे.